पाण्याला खंड नको: बॉयसीत रसेट बटाटा लावला, त्याची हकीकत

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, सातगाव पठारावरचं. पाऊस जवळ आला की घरात दुसरा विषय नसायचा. मंचरला पंजाबचं बेणं आलं का, काय भाव निघाला, वाफसा कधी होणार. जून-जुलैत लावलेला बटाटा सप्टेंबरात बाहेर. तीन महिन्यांचा खेळ. त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉयसीला आलो आणि इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'फेमस पोटॅटोज' छापलेलं पाहिलं, तेव्हा मला परक्या गावात एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. तरी प्रत्यक्ष बटाटा लावायला चार वर्षं गेली. आमच्या घराला मागे हातभर गवत आहे, बाकी काँक्रीट. जमीन मिळवण्यापासून सुरुवात होती.

हे लिहिते आहे कारण मला हवी होती ती माहिती मराठीत कुठे सापडली नाही, आणि इंग्रजीत सापडली ती शेकडो एकरवाल्यांसाठी होती. वीस फूट बाय दहा फूट वाफ्यात रसेट, म्हणजे इथला जाड तपकिरी सालीचा बटाटा, लावणाऱ्या माणसाला काय काय लागतं, किती वाट बघावी लागते आणि कुठे चुकतं, ते सांगते.

८ जानेवारीला सामुदायिक बागेचा अर्ज भरला. प्रतीक्षायादीत सतरावा नंबर. मी आशा सोडली होती, पण २७ फेब्रुवारीला ईमेल आली की वाफा मोकळा झालाय, पाच दिवसांत पैसे भरा. वर्षाचे ४५ डॉलर आणि २५ डॉलर अनामत. अनामत शेवटी परत मिळते, वाफा ऑक्टोबरात साफ करून दिला तर. मग ९ मार्चला सक्तीची बैठक. तण आठवडाभर दिसलं तर नोटीस, तणनाशक अजिबात नाही, पाण्याचे वार ठरलेले. आणि सर्वांत महत्त्वाचं, पीक आराखडा लिहून द्यायचा.

माझा आराखडा परत आला. आधीच्या भाडेकरूने वाफ्याच्या पूर्व अर्ध्या भागात टोमॅटो लावले होते, आणि मी नेमका तिथेच बटाटा दाखवला होता. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिकं; मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. आराखडा उलटा करून पाठवला, दोन दिवसांत मंजूर झाला. वाफा घेणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी तिथे काय होतं, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

मग माती. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातून पिशवी आणि फॉर्म आणला. आठ ठिकाणची माती एकत्र करून दोन पेले भरून पाठवायची, ३५ डॉलर. बाराव्या दिवशी अहवाल आला. सामू (पीएच) ७.८, म्हणजे आमच्या भागात असते तशी अल्कधर्मी जमीन. खाली सल्ला होता की चुना नको, राख नको, ताजं शेणखत तर नकोच. अशा जमिनीत बटाट्याच्या सालीवर खवड्या, म्हणजे खरबरीत खपल्यांचा रोग, धरतो, आणि राख-शेणखताने तो वाढतो. रसेटची जाड, खडबडीत साल त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, ही एक जमेची बाजू. मी चुलीच्या राखेवर वाढलेली मुलगी. राख घालू नका हे वाचून थोडा वेळ तो कागद हातात धरून बसले होते.

बेण्याबद्दल सांगायचं तर दुकानातला खायचा बटाटा लावायचा मोह टाळा. त्यावर बहुतेक वेळा कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, आणि त्यातून कुठला विषाणू वाफ्यात येईल ते सांगता येत नाही. प्रमाणित बेणं घ्यावं. मी रसेट बरबँक घेतला, पाच पौंड, १४ डॉलर. दुकानातल्या बाईंनी रसेट नॉरकोटाह सुचवला होता. तो लवकर येतो, आकाराला एकसारखा, नवख्याला सोपा. त्यांचं बरोबरच होतं. पण मला बरबँकच हवा होता, आणि त्याला कारण होतं.

ल्यूथर बरबँक नावाच्या तरुणाला १८७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या लुनेनबर्गला 'अर्ली रोझ' जातीच्या झाडावर एक फळ सापडलं. बटाट्याला टोमॅटोसारखं छोटं हिरवं फळ धरतं, पण त्या जातीला ते क्वचितच यायचं. त्यात २३ बिया निघाल्या. त्या त्याने लावल्या आणि त्यातल्या एका रोपाचे बटाटे सगळ्यांहून सरस निघाले. त्याचे हक्क त्याने दीडशे डॉलरना विकले आणि १८७५ मध्ये तो कॅलिफोर्नियाला निघून गेला. त्याचा तो बटाटा गुळगुळीत सालीचा होता. ही जाळीदार तपकिरी साल पुढे त्यातच झालेल्या आपसूक बदलातून आली. बटाटा आपण फोडीपासून लावतो, बियांपासून नाही. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत तेच एक झाड फोडीफोडीने पुढे चालत आलं आहे. माझ्या गॅरेजमधल्या पिशवीत त्याच झाडाचे तुकडे होते. हे कळल्यावर नॉरकोटाह घेणं मला जमलं नसतं.

९ एप्रिलला फोडी कापल्या. साधारण ५०-६० ग्रॅमची फोड, प्रत्येकीला निदान दोन डोळे. दर बटाट्यानंतर सुरी जंतुनाशक पाण्यात बुडवायची, हे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, लहानपणी शिकवलेलं. कापलेल्या फोडी लगेच लावायच्या नाहीत. गॅरेजमध्ये, उन्हापासून लांब, ओलसर गोणपाटाखाली चार दिवस ठेवल्या. कापलेल्या भागावर कोरडी, चिवट साय धरली. ती धरल्याशिवाय थंड मातीत फोड कुजते.

१४ एप्रिलला लागवड. इथे जुनी माणसं डोंगरावरचा बर्फ बघून टोमॅटो कधी लावायचा ते ठरवतात, पण बटाट्याला तेवढं थांबावं लागत नाही. मातीत चार इंच खोल थर्मामीटर खुपसून बघायचा, सकाळी ७-८ अंश सेल्सिअस मिळालं की झालं. दोन ओळी, ओळींत तीन फूट अंतर, फोडी फूट-फुटावर, पाच इंच खोल. चाळीस फोडी. उरलेल्या अर्ध्या वाफ्यात पुढे काकडी आणि मेथी केली, त्याबद्दल नंतर कधी.

इथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळाभर आकाश कोरडं, आणि सगळी शेती, सगळ्या बागा कालव्याच्या पाण्यावर. ते पाणी एप्रिलच्या मध्याला सुटतं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतं. आमच्या बागेत १८ एप्रिलला सुटलं. ठिबकच्या नळ्यांना ४० डॉलर, टायमरला ३२ डॉलर गेले.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर वाफा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, पाणी जपून. बटाटा पाण्याने सडतो." पठारावरचा खरिपाचा बटाटा पावसावरचा, तिथली भीती जास्त पावसाची आणि करपा रोगाची. त्यांचं त्यांच्या जागी अगदी खरं होतं. मी तेच मनात धरून टायमर कमी लावला.

२३ दिवस काहीच दिसलं नाही. या दिवसांत मी रोज संध्याकाळी जाऊन यायचे. एकदा तर एक फोड उकरून बघितली. बोटभर पांढरा कोंब होता. तसाच झाकून टाकला. ७ मे रोजी पहिली पानं वर आली आणि दोनच दिवसांनी थंडीचा इशारा. आलेल्या पानांवर हाताने माती ओढून घातली, दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेलं दव होतं, पण मातीखालचं सगळं शाबूत. एकूण ३७ उगवल्या. तीन फोडी गेल्या.

झाडं वीतभर झाली की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यायची. मी दोनदा दिली, २४ मे आणि १० जून. दुसऱ्या भरीनंतर वर गव्हाचा पेंढा अंथरला. माती थंड राहते आणि कंद उघडे पडून हिरवे होत नाहीत. हिरवा झालेला बटाटा कडू आणि विषारी. तो भाग नुसता सोलून चालत नाही, खोलवर काढून टाकावा, फार हिरवा असेल तर अख्खा टाकावा.

१२ जूनला पानाखाली केशरी अंड्यांचे पुंजके दिसले. कोलोरॅडो बीटल. हा किडा आपल्याकडे नाही, मी आयुष्यात पाहिला नव्हता. पिवळसर पाठीवर दहा काळे पट्टे. शेजारच्या वाफ्यात एक आजोबा येतात. ते पूर्व आयडाहोत ब्लॅकफुटकडच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेले. लहानपणी काढणीच्या दिवसांत तिकडे शाळांना सुट्टी मिळायची, असं ते सांगतात. त्यांनी साबणाच्या पाण्याचा डबा हातात दिला आणि म्हणाले, "रोज सकाळी, दहा दिवस. एकही दिवस सोडू नका." अंड्यांची पानं तोडायची, अळ्या वेचून डब्यात टाकायच्या. दहाव्या दिवशी सापडणं थांबलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फुलं आली. पांढरी, आणि अगदी मोजकी. या सुमाराला जमिनीखाली कंद फुगत असतात. नेमकं तेव्हाच भारतातून पाहुणे आले आणि आम्ही त्यांना घेऊन पाच दिवस यलोस्टोनला गेलो. निघताना टायमर बघितला, चालू होता. परत आलो तर पडदा कोरा. बॅटरी संपली होती. किती दिवसांपूर्वी ते कळायला मार्ग नव्हता. त्या आठवड्यात पारा अडतीसच्या वर होता. झाडं लोळली होती, माती पेंढ्याखालीसुद्धा कोमट लागत होती. मी तिथेच बसून पाणी सोडलं, तासभर. दुसऱ्या दिवशी पानं उभी राहिली आणि मला वाटलं, वाचलो.

आजोबा मात्र वाफ्याकडे बघत गप्प उभे होते. मग म्हणाले, "रसेट बरबँकला भूक सहन होते, तहान होत नाही. ऑक्टोबरात कळेल." मग त्यांनी नीट समजावलं. पाणी तुटलं आणि उष्णता असली की कंदाची वाढ थबकते. पाणी परत आलं की तो पुन्हा वाढू लागतो, पण सगळ्या अंगाने नाही, एखाद्या डोळ्यापासून. तिथे गाठ येते, किंवा मधेच कमरेसारखा दबतो. दुसऱ्या जाती एवढ्या रुसत नाहीत. त्या दिवसापासून मी टायमर वाढवला. उन्हाळ्यात आठवड्याला दीड ते दोन इंच पाणी, ठरलेल्या वारी, न चुकता. बोट मातीत घालून बघायची सवय लावली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये, एवढी ओल.

ऑगस्टमध्ये अण्णा दर रविवारी विचारायचे, "अजून काढला नाहीस? शंभर दिवस होऊन गेले." त्यांना पटत नव्हतं. शेवटी त्यांच्या समाधानासाठी १७ ऑगस्टला एक झाड उपटलं. पाच बटाटे, मूठभर आकाराचे, साल अंगठ्याने सोलून निघेल इतकी नाजूक. उकडून मीठ लावून खाल्ले, गोडसर आणि चिकट लागले. रसेटचा तो भुसभुशीतपणा अजून यायचा होता. ही जात साडेचार-पाच महिने मागते. घाई असेल तर दुसरी निवडा. ही निवडली तर थांबा.

५ सप्टेंबरनंतर पाणी कमी करत आणलं, १४ सप्टेंबरला पाला जमिनीलगत कापला. पुढचे तीन आठवडे काहीच करायचं नाही, मातीखाली साल पक्की होऊ द्यायची. ४ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता काढणी केली. दुपारच्या उन्हात काढू नये, आणि फार थंड मातीतूनही नाही, बटाट्याला आतून मार लागतो.

टिकावाऐवजी दाते असलेल्या फावड्याने, झाडापासून फूटभर लांबून उचकटलं. पहिलाच बटाटा माझ्या तळहाताहून लांब, तपकिरी जाळी अंगभर. मी तो पदराला पुसावा तसा टी-शर्टला पुसला. दुसरा गाठीचा निघाला. तिसराही. दोन्ही ओळी संपल्या तेव्हा एकूण ३१ किलो भरले, त्यांतले ९ किलो वेडेवाकडे: कुणाला डोकं फुटलेलं, कुणाची कंबर आवळलेली. जुलैतले ते पाच दिवस प्रत्येक कंदावर लिहिलेले होते. अण्णांना फोनवर दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी तुला पाणी जपून म्हणालो होतो ना?" मी म्हटलं, "अण्णा, टायमर बंद पडला होता." ते म्हणाले, "तरी पण. माझं पठारावरचं शहाणपण तिथं कशाला सांगितलं मी." मला फार भरून आलं. त्यांना असं म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

१९ ऑक्टोबरला वाफा साफ करून दिला, अनामत नोव्हेंबरात परत आली. जागेचं भाडं, माती तपासणी, बेणं, १८ डॉलरचं खत, ठिबक आणि टायमर धरून खर्च १८४ डॉलर. दुकानात दहा पौंडांची पिशवी चार-पाच डॉलरला मिळते. पैसे वाचवायला हे करू नये. ठिबक आणि टायमर पुढच्या वर्षी पुन्हा लागणार नाहीत, एवढाच दिलासा.

साठवणीबद्दल सविस्तर सांगते, कारण माझी दुसरी चूक इथे झाली. गावाकडे शेतातच सावलीला बटाट्याचा ढीग लावून वर पाला घालतात, त्याला आरण म्हणतो. इथे मी भोकं पाडलेल्या खोक्यांत, न धुता, गॅरेजमध्ये अंधारात ठेवले. पहिले दोन आठवडे १० ते १३ अंश हवेत, म्हणजे खरचटलेली साल भरून येते. नंतर सात-आठ अंश. कांदे आणि सफरचंदं जवळ ठेवायची नाहीत. डिसेंबरात कडाका पडला आणि गॅरेज दोन-तीन अंशांवर गेलं, ते मी मनावर घेतलं नाही. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी फ्राइज तळले तर पाच मिनिटांत काळपट तपकिरी, चवीला कडवट-गोड. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती तळणात करपते. खोकी घरात आणून अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवली, बरीचशी साखर उतरली, पुढचे फ्राइज सोनेरी निघाले. फक्त गाठीच्या बटाट्यांचं देठाकडचं टोक शेवटपर्यंत काळंच होत राहिलं. तो जुलैचाच परिणाम. ते टोक मी कापून टाकते.

आता स्वयंपाक. रसेटची रस्साभाजी करू नका. मी आईच्या पद्धतीने कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केली. फोडी विरघळल्या, रस्सा घट्ट पिठल्यासारखा झाला. चव चांगली, पण भाजी म्हणून वाढता येईना. रश्शाला लाल सालीचा किंवा पिवळा बटाटाच बरा. रसेटमध्ये पाणी कमी, स्टार्च जास्त. आजोबांनी एक परीक्षा दाखवली: अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं. भुसभुशीत बटाटा तळाला जातो, चिकट तरंगतो. माझे मोठे बटाटे सगळे बुडाले.

पण वडे! उकडून कुस्करल्यावर सारण इतकं कोरडं की हाताला चिकटत नाही, गोळे गोल राहतात, बेसनाच्या आवरणात पाणी सुटत नाही. पराठ्यातूनही सारण बाहेर येत नाही. उकडताना सालीसकट अख्खे उकडायचे, आणि शिजल्यावर लगेच पाण्यातून काढायचे; पाण्यात राहिले तर फुटतात. कार्तिकी एकादशीला कीस केला तेव्हा पहिला घाणा लगदा झाला. दुसऱ्या वेळी किसून दोन पाण्यांतून धुतला, घट्ट पिळला, तुपावर जिऱ्याची फोडणी, झाकण न ठेवता परतला, वरून दाण्याचं कूट. मोकळा, सुटा कीस झाला. धुतलेल्या पाण्याच्या तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व बसतं. ते फेकू नका, उपवासाच्या थालीपिठात घाला.

आणि ज्यासाठी ही जात नावाजली जाते ते भाजणं. काट्याच्या चमच्याने टोचून, तेल-मीठ चोळून, दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, फॉइल न गुंडाळता. फॉइलमध्ये तो वाफवला जातो, साल मऊ पडते. बाहेर काढल्याबरोबर फोडायचा म्हणजे वाफ निघून जाते आणि आत बर्फासारखा भुसा राहतो. आमच्या घरी त्यावर लोणी, लसणाची चटणी आणि बारीक कांदा.

अण्णांनी जानेवारीत विचारलं, "येताना दोन-चार कंद आणशील का? बांधावर लावून बघू." मी नियम वाचले. बटाट्याचं बेणं सामानात टाकून भारतात नेता येत नाही. आयात परवाना हवा, इथलं फायटोसॅनिटरी (म्हणजे रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र हवं, तिथे विलगीकरण. एका कंदाबरोबर कुठला किडा, कुठला सूत्रकृमी (मुळांना लागणारा बारीक जंत) जाईल याचा भरवसा नाही. इथेसुद्धा २००६ मध्ये पूर्व आयडाहोतल्या काही शेतांत सूत्रकृमी सापडला आणि तिथल्या माती-बटाट्याच्या ने-आणीवर निर्बंध आले. पट्टेवाल्या त्या किड्याची अंडी मी स्वतः वेचली आहेत. अण्णांना सांगितलं, "आणणार नाही." ते म्हणाले, "नकोच मग. पठाराला तो त्रास नको."

माझ्याच बटाट्यांतून बेणंही ठेवलं नाही. दोन-तीन हंगामांत विषाणू साचतात आणि उतारा घटतो. या वर्षीचं प्रमाणित बेणं परवा आलं. आराखडा मंजूर आहे, पश्चिमेच्या अर्ध्यात गेल्या वर्षीच बटाटा होता आणि पूर्वेच्या अर्ध्यात त्याआधी टोमॅटो, त्यामुळे बटाटा या खेपेला माझ्या वाफ्यात घालता येणार नाही म्हणून बागेने मला पलीकडच्या वाफ्यात दोन ओळी बदलून दिल्या आहेत. फोडी गॅरेजमध्ये गोणपाटाखाली आहेत. काल अण्णांनी फोन केला तो एवढंच विचारायला, की जुलैत पाण्याचं काय करणार आहेस. टायमरला नव्या बॅटऱ्या घातल्या आहेत, आणि कुलपाची एक किल्ली शेजारच्या आजोबांकडे दिली आहे.